डावीकडची खिडकी

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

कशी आहेस? इकडचं सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. माझं काम जोरात चालू आहे. एरवी प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या बनवते, सध्या आईची कवळी शोधते. परवा ती तिच्या चष्म्याच्या डबीत सापडली. चष्मा अजून सापडायचाय.

सध्या मी रजा काढून आईकडेच आलेय. ती न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. घाबरू नकोस, ऑपरेशन नीट झालं. आता वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत फिरते आणि वॉकरला शिव्या घालते, म्हणजे तब्येत सुधारतेय. पण दुसऱ्या मजल्यावर तिने एकटीने राहणं आता शक्य नाही. मी तिला माझ्याकडे नेतेय. कायमची.

तयार होत नव्हती. म्हणाली, "माझं सामान तुझ्या घरात मावायचं नाही."

"एवढं कसलं सामान आहे तुझं?"

"मी आहे ना."

बसने गेलं तर दिवसभराचा खडखडाट, तो तिला सोसणार नाही. विमानाचं नाव काढलं की कानांवर हात. मग परवा डॉक्टरांच्या खोलीत, ते पायाचा फोटो बघत असताना, तिने मला एकदम विचारलं, "विमान समुद्रावरून जातं का गं?" मी म्हटलं, किनाऱ्याकिनाऱ्याने जातं. तर म्हणे, "मग बेट दिसेल. चल, जाऊ."

दादाने तुला त्या बेटाबद्दल इतकं सांगितलंय की माझ्याहून तुलाच ते जास्त पाठ असेल. बाबा दीपगृहाचे रखवालदार, आई लग्न होऊन थेट त्या खडकावर आली, दादा तिथल्याच ओट्यावर चालायला शिकला. दिवा आपोआप लागायला लागला, माणसाची गरज उरली नाही, तेव्हा आम्हाला किनाऱ्यावर आणून सोडलं. मी तेव्हा इतकी लहान होते की मला फक्त वारा आठवतो. आता तिथे बोट लावायला परवानगी नाही. आईने बेट सोडलं ते सोडलंच. बाबा गेले, दादा गेला, आणि तिच्या आयुष्यातलं जे काही तिथे राहिलंय ते बघायचा हा एकच रस्ता उरलाय.

म्हणून तुला विचारतेय. तू विमान कंपनीत, हे तुझंच काम आहे. कुठल्या बाजूची खिडकी घेऊ? पुढे, मागे, मध्ये? मी फोनवर बघितलं तर नुसते चौकोनच चौकोन, कवळीच्या साच्यासारखे. त्यातली अक्कलदाढ कुठली ते कळेना.

आईला सांगितलेलं नाही की मी तुला लिहितेय. तुझं नाव निघालं की ती अजून भिंतीकडे तोंड करून पडते. तू बदली घेऊन निघालीस त्या दिवशी पडली होती तशीच. हे लिहायला नको होतं, पण तुझ्यापासून काय लपवायचं?

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू नुसतं "हॅलो" म्हणाली असतीस तरी मला रडू आलं असतं, आणि सीट राहून गेली असती.

तुझी,
जिला तू कधी वन्सं म्हटलं नाहीस ती नणंद


१७ जानेवारी

वन्सं,

घे, म्हटलं एकदाचं. आपल्या दोघींच्या वयात आठ महिन्यांचं अंतर आणि म्हणे वन्सं!

पत्र वाचून आधी खूप हसले, मग खुब्याशी येऊन थांबले. आईंना वॉकरची सवय झाली असेल तरी विमानतळावर व्हीलचेअरच मागायची. नको म्हणतील. तू सांग की सगळ्यांच्या आधी आत सोडतात. रांग मोडून पुढे जायला त्यांना आवडतं.

आता खिडकीचं. तुम्ही किनाऱ्याला धरून उत्तरेकडे जाणार, म्हणजे जमीन उजवीकडे आणि समुद्र डावीकडे. डावीकडच्या खिडकीच्या सीटला 'ए' म्हणतात. सकाळचंच विमान घे, दुपारचं अजिबात नको. सकाळी ऊन उजवीकडून येतं, त्यामुळे डावीकडची काच चमकत नाही आणि समोरचं सगळं उजेडात असतं. दुपारनंतर तीच खिडकी घेऊन बसलीस तर सूर्य डोळ्यांत आणि बेट अंधारात.

पंखावरची सीट कधीच घेऊ नये. लोक घेतात आणि पूर्ण प्रवास पत्रा बघत बसतात. पंखाच्या मागे थोडं दिसतं, पण इंजिनाची गरम हवा मध्ये येते आणि खालचं सगळं थरथरतं. पुढे बसायचं. मात्र अगदी पहिल्या रांगेत नाही, तिथे समोर भिंत असते (भिंती पुरे झाल्या). आणखी एक गंमत म्हणजे काही विमानांत एखाद्या रांगेला खिडकीच नसते. तिकिटावर खिडकी, जागेवर पांढरं प्लास्टिक. अशी माणसं माझ्याकडे भांडायला येतात, म्हणून ती रांग मला तोंडपाठ आहे.

इथे हवामानाच्या कार्यालयात एकजण आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, त्या दिवसांत सकाळी ढग तुरळक असतात, आणि बेट विमानाच्या पोटाखाली येत नाही, जरा बाजूला राहतं. हे चांगलं. अगदी खाली असलेलं काही खिडकीतून दिसत नसतं. विमान वर चढून स्थिर झालं की आईंना डुलकी लागू देऊ नकोस. आणि एक गडद शाल ने. डोक्यावरून खिडकीपर्यंत धरली की काचेत आपलंच तोंड दिसत नाही.

तिकिटं काढलीस की नंबर कळव. सीट मी इथून नोंदवते. आई खिडकीत, तू मधली.

त्या भिंतीकडे वळल्या त्याचं मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांचा मुलगा अचानक कामावरून घरी आलाच नाही, आणि वर्षभराने मी त्याच्या घरातून पेटी घेऊन बाहेर पडत होते. मी त्यांच्या जागी असते तर कुठे बघितलं असतं?

माझ्याकडे विशेष काही नाही. काम, घर, बाल्कनीतली कोरफड.

आईंना नमस्कार सांगू नकोस. नुसतं खिडकीत बसव.

तुझी वहिनी


२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

आम्ही पोचलो. आई माझ्या घरात रुळतेय. आमच्या ह्यांनी न्हाणीघरात दोन्ही बाजूंना दांडे बसवले, तर म्हणते, "हे काय, बसमध्ये आंघोळ करायची का?" पण धरते. एवढी बातमी आधी दिली कारण पुढचं सांगायला मला जरा दम लागणार आहे.

विमानतळावर गेलो. आईला व्हीलचेअरमध्ये बसवलं, शाल मांडीवर, कवळी तोंडात, सगळं जागच्या जागी. काउंटरवर तुझ्याच वयाची एक बाई होती. तिने पास हातात घेतले आणि म्हणाली, "मॅडम, आज विमान बदललंय. तुमच्या सीटही बदलल्यात."

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काळजी करू नका हो. पहाटेच तुमच्या सूनबाईंचा फोन येऊन गेला मला. आम्ही एकत्र काम करायचो. आपल्याआधी तिलाच कळलेलं विमान बदललं ते. 'डावीकडची, पंखाच्या पुढची, पण पहिली रांग नको,' हे मला इतक्यांदा बजावलंय की मी झोपेत बोलेन. ह्या घ्या."

आणि आईकडे वाकून, "भाग्यवान आहात हो आई. सून दुसऱ्या शहरात राहून एवढं बघते."

मी आईकडे बघायचं धाडस केलं नाही. ती बाई मात्र प्रेमाने बोलतच सुटली. "आणि आता तिचंही चांगलं होतंय. हवामान खात्यातले आहेत ना ते? फार सरळ माणूस. त्यांनी विचारून किती दिवस झाले, ही होकारच देत नाहीये. कशासाठी थांबलीये कोण जाणे. तुम्ही सांगा बाई तिला, तुमचं ऐकेल."

तिच्यावर रागावू नकोस. तिला वाटलं आम्हाला माहीत आहे. आणि मला माहीत होतंच. आपल्या जुन्या शेजारणीकडून दिवाणखान्यातल्या गप्पांत कळलं होतं, तुझं पत्र येण्याच्या कितीतरी आधी. तुझ्या पत्रातला "एकजण" वाचला तेव्हाच मी ओळखलं होतं की हाच तो. मी तुला विचारलं नाही, कारण मला भीती वाटत होती. तू हो म्हणशील याची नाही. तू हो म्हटल्यावर मी तुला कोण म्हणून पत्र लिहायचं, याची.

तपासणीनंतर विमानाची वाट बघत बसलो. मी आईला पाणी विचारलं, तिने नको म्हणून मान हलवली. चहा विचारला, मान हलवली. माझ्या मनात आलं, संपलं. आता ही खिडकीत बसेल आणि भिंतीकडे बघावं तशी बाहेर बघेल.

आम्हाला खरंच सगळ्यांच्या आधी आत नेलं. त्याचंही तिला काही वाटलेलं दिसलं नाही. सीट अगदी तू म्हणाली होतीस तशी. पंख आमच्या मागे, खिडकी तिच्या खांद्याला लागून. विमान उडालं तेव्हा तिने माझं मनगट असं आवळलं की दुसऱ्या दिवशी वळ होते. वर गेलो आणि खाली सगळा कापूस. ढग. तुमच्या हवामानवाल्याला मी मनातल्या मनात बरंच काही म्हणून घेतलं. (आता माफी मागते.) कारण थोड्याच वेळात ढग फाटले, मग विरळ झाले, आणि खाली निळा समुद्र उजेडात नुसता पसरला होता.

मी शाल धरली. आई काचेला नाक लावून बसली. बराच वेळ काही नाही. मग तिचा श्वास बदलला.

वहिनी, ते इतकं छोटं आहे! पांढऱ्या फेसाचं एक कडं, त्यात तपकिरी खडक, आणि खडकावर खडूच्या तुकड्यासारखं दीपगृह उभं. शेजारी पाण्याची टाकी. टाकीपासून खाली पाण्यापर्यंत एक बारीक रेघ, त्या पायऱ्या. आई पुटपुटली, "ओटा आहे गं. ओटा आहे अजून." एवढ्या उंचीवरून ओटा दिसणं शक्य नाही, मला तरी दिसला नाही. तिला दिसला. तिने हात काचेवर ठेवला, आणि बेट मागे सरकत सरकत पंखाखाली जाईपर्यंत काढला नाही.

मला वाटलं आता दादाबद्दल बोलेल. तिने दुसरंच सांगितलं.

"त्या बेटावर मला माझ्या सासूने आणून सोडलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बाबांच्या आईने? पण त्या तर बाबा लहान असतानाच गेल्या ना?"

"तुझ्या बाबांच्या आईने नाही. माझ्या सासूने. पहिल्या."

ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघतच बोलत होती.

वहिनी, आईचं आधी एक लग्न झालं होतं. एकोणीस वर्षांची होती. नवरा मालाच्या बोटीवर खलाशी, वर्ष व्हायच्या आत बोटीसकट बुडाला. घरात ह्या दोघीच उरल्या, सासू आणि सून. सासूचं धक्क्यावर किराण्याचं दुकान होतं आणि दीपगृहाचं सामान तिथूनच जायचं. आपले बाबा महिन्यातून एकदा यायचे. आईला तिच्या सासूने विचारलं, "हा माणूस कसा वाटतो तुला?" आई म्हणाली, मी बघितलंच नाही त्याच्याकडे. तर सासू म्हणाली, "मी बघितलंय. बोटवाला भिजून आला की हा आधी त्याला चहा देतो, मग सामान मागतो. ह्याच्या घरी तू उपाशी राहणार नाहीस आणि घाबरणारही नाहीस."

"मी म्हणाले, लोक काय म्हणतील?" आई सांगत होती. "तर म्हणाली, लोक माझ्याच दुकानात येतात ना, मी बघते काय म्हणतात ते."

ती स्वतः बोटीत बसून आईबरोबर बेटावर गेली. पायऱ्यांवर आईचा हात बाबांच्या हातात देताना म्हणाली, "ही माझी लेक आहे. हिला रडवलंस तर तेल, मीठ, काड्यापेट्या सगळं बंद. बस मग अंधारात दिवा घेऊन."

मी हसले. आई पण हसली. मग मी विचारलं, "पुढे काय झालं त्यांचं?"

"पुढे काय व्हायचंय? यायची की ती. दर उन्हाळ्यात सामानाच्या बोटीने यायची, आठवडाभर राहायची. तुझ्या दादाला कडेवरून खाली उतरवायची नाही. वारा लागतो म्हणून तुझे कान बांधायची."

वहिनी, ती आमची आजी. दादाने तुला सांगितलं असेल, बोटीतून येणारी आजी, जिच्या ओच्यात शेंगदाणे असायचे. आम्ही दोघं तिला आईची आई समजत होतो. किनाऱ्यावर आल्यानंतरही ती यायची, मी तिच्या मांडीवर झोपलेय, तिच्याकडून वेण्या घालून घेतल्यात, आणि ती कोणाची आई होती हे मला ठाऊक नव्हतं. तिचा मुलगा त्याच समुद्रात गेला होता, आणि त्याच समुद्रावरून ती दरवर्षी आम्हाला बघायला यायची.

"आई, कधी बोलली कशी नाहीस?"

"त्यात बोलायचं काय? आजीच होती ती तुमची."

विमान एका बाजूला कललं, उन्हाचा एक तुकडा तिच्या मांडीवरून सरकत गेला. आणि समुद्राकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली, "तिने माझा हात धरून बोटीत बसवलं. तिचाही मुलगाच गेला होता ना. आणि माझी पोर दारात पेटी घेऊन उभी होती, तर मला भिंत बघायचं सुचलं."

मी तिचा हात धरला. सांत्वन वगैरे केलं नाही. मला जमत नाही आणि तिला चालत नाही.

तेवढ्यात हवाईसुंदरी पाणी घेऊन आली. "आजी, सगळं ठीक ना? खिडकी आवडली?" आईने डोळे पुसले, कवळी जिभेने जागेवर बसवली, आणि पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या सुनेने काढून दिली. ती ह्याच कामात असते. कुठून काय दिसतं ते तिला सगळं कळतं."

तीन वर्षांनी "माझी सून" ऐकलं मी. त्या मुलीच्या हातातला पेला मीच ओढून घेतला आणि घटाघट प्यायले, नाहीतर तिथेच हमसाहमशी रडले असते.

वहिनी, तुझे आभार कसे मानू ते कळत नाही. मी एक सीट मागितली होती. आईच्या मनात पन्नास वर्षं मिटून असलेलं एक माणूस तू आम्हाला दाखवलंस. मला माझी आजी कोण होती ते कळलं. आणि आईला, मला वाटतं, आपण कोणाची सून होतो ते आठवलं. विमान दुसऱ्या बाजूने गेलं असतं, ढग हटले नसते, आम्ही पंखावर बसून पत्रा बघत राहिलो असतो, तर ती यातलं काहीही न बोलता माझ्या घरी आली असती आणि माझ्या घराच्या भिंतीकडे तोंड करून पडली असती.

आता पलंग खिडकीपाशी लावून घेतलाय. तिनेच सांगितलं. समोर शाळेचं मैदान आहे, मुलांना नावं ठेवण्यात दुपार जाते.

काल जेवताना म्हणाली, "त्या मुलाला चहा करता येतो का, विचार तिला." मी म्हटलं, कुठल्या मुलाला? तर म्हणे, "वेड पांघरू नकोस. हवामानवाल्याला." नंतर म्हणाली, "नको, तू नको विचारूस. मी येऊन बघते." डॉक्टरांनी आणखी दोन महिन्यांनी प्रवासाला हरकत नाही म्हणून सांगितलंय. तारीख त्या हिशेबाने काढ, आणि ह्या वेळी सीट कुठलीही दे. आम्हाला खाली काही बघायचं नाही, लवकर पोचायचंय.

दादा असता तर... नको. हे वाक्य मी तीन वर्षं अर्धंच लिहितेय. आज पूर्ण करते. दादा असता तर तुला हेच म्हणाला असता, आणि माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

मघाशी जी भीती लिहिली, तुला कोण म्हणून पत्र लिहू, तिचं उत्तर आईकडे तयार आहे. ती केव्हाची पेन मागतेय. खालच्या ओळी तिच्या. अक्षर वाकडं आहे कारण चष्मा अजून सापडलेला नाही.

तुझी,
नणंद होते, आहे, आणि तुझ्या नव्या घरीही मला काढून टाकता येणार नाही


मुली,

तिने सगळं लिहिलंय म्हणते, तेव्हा मी थोडकंच लिहिते. बेट दिसलं. नीट दिसलं.

माझ्यासाठी थांबली असशील तर थांबू नकोस. हो म्हण. लग्नात मी मुलीकडच्या बाजूला बसणार आहे, पहिल्या रांगेत. त्या माणसाला सांगून ठेव, तुझी आई जरा कडक आहे.

तुझी आई